अक्काची भुवई

मी मुळात भित्री बाई नाही, उलट तापटच. सासरी पहिल्याच वर्षी दिराला तोंडावर सुनावलं, पुढे नोकरीत हेडमास्तरांशी भांडले, आणि चिटगुप्प्याच्या बाजारात एकदा वजनात मारणाऱ्या भाजीवाल्याचा तराजूच उलटा केला. पण आमच्या गावातल्या टेकाडावरच्या बागेच्या पायऱ्या चढायच्या म्हटलं की आजही मी घाबरते. नातवंडं वर पळतात आणि मी खाली शेंगदाणेवाल्याशेजारी बसून राहते. गुडघे दुखतात असं सांगते. गुडघ्यांना काही झालेलं नाही.

गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून आहेत. बीदर जिल्ह्यातलं, एवढं पुरे. गावाच्या मधोमध तांबड्या जांभ्याचं टेकाड आहे, चहूबाजूंनी तासल्यासारखं आणि वर सपाट. खाली बाजार, स्टँड, कचेरी, वर चर्च. कुठल्याही गच्चीवर उभं राहून मान वर केली की चर्चची घंटा दिसायची. चर्चच्या व्हरांड्यात लहान पोरांचा वर्ग भरायचा. कानडी, मराठी, उर्दू, सगळ्या घरची पोरं तिथे एका सतरंजीवर बसत आणि एकमेकांच्या भाषेत भांडत. त्या वर्गाला माझी थोरली बहीण शिकवायची. तिला आम्ही अक्का म्हणायचो, आणि हळूहळू सगळं गावच म्हणायला लागलं.

त्या वर्षी उत्तरा नक्षत्रात आठ दिवस पावसाने उसंत दिली नाही. जुन्या चर्चच्या भिंतींत पाणी मुरलं. एका सकाळी वर्ग चालू असताना छतातून माती गळायला लागली. अक्काने पोरांना भराभर बाहेर काढलं आणि झाडाखाली उभं करून मोजलं, तर एक कमी. ती परत आत गेली. तिच्यामागे आया गेली, आणि घंटा वाजवणारे म्हातारे आजोबा तर आतच होते. छत तिघांवर कोसळलं. ते कमी भरलेलं पोर आधीच पायऱ्या उतरून घरी पळालं होतं. अक्का बावीस वर्षांची होती. मी अठराची.

तिचा एकही फोटो नव्हता. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, हे आईच्या मनात इतकं पक्कं बसलेलं की शाळेत फोटोवाला यायच्या दिवशी आम्हा दोघींना ताप आल्याचं कळवलं जायचं. अक्काला स्थळं बघायला लागले तेव्हा अप्पा म्हणाले, एक फोटो काढून ठेवू. आई म्हणाली, ज्याला बघायचंय त्यानं येऊन बघावं. अप्पा मराठी शाळेत मास्तर, असल्या समजुतींवर चिडायचे, पण घरात चालायचं आईचंच. अक्का गेल्यावर आईने रडून घेतलं ते दहा दिवस. नंतर मागचं दार, जिथून टेकाड दिसायचं, ते लावलं आणि त्याला टेकून धान्याची कोठी ठेवली. अक्काचं नाव तिने पुन्हा तोंडातून काढलं नाही, आणि टेकाडावर पाय ठेवला नाही.

चार वर्षांनी मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले. राज्याचं नाव तेव्हा अजून म्हैसूरच होतं. गावात टेकाडाचीच चर्चा. चर्च पुन्हा उभं राहत होतं, त्याच जागी, त्याच बेताचं. त्याच्या भोवतीची सगळी सपाटी घेऊन नगरपालिका बाग करत होती: पायऱ्या, कठडा, बाकडी, कण्हेरीची रांग. आणि कठड्याजवळ, खाली गाव दिसतं त्या बाजूला, गेलेल्या तिघांच्या दगडी मूर्ती बसायच्या होत्या. हातात दोर घेतलेले आजोबा, घागर घेतलेली आया, आणि पाटी धरलेली अक्का.

मूर्ती घडवणारे मिस्त्री चर्चमधलेच होते. घरी कानडी बोलायचे, गवंड्यांशी दख्खनी, आमच्याशी मराठी. त्यांचे वडील देवळांचं काम करायचे. मिस्त्री येशूची प्रार्थना केल्याशिवाय छिन्नी उचलत नसत, पण मूर्तीचे डोळे मात्र वडिलांच्या शिस्तीनं सगळ्यात शेवटी उघडायचे. आजोबांचा फोटो होता, आयाची मुलगी होती. आमच्याकडे ते आले, अप्पांकडून फोटो नसल्याचं ऐकलं, आणि मग माझ्याकडे बघत राहिले. आम्ही दोघी एका साच्यातल्या आहोत हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. अप्पांनी मला विचारलं. मी लगेच हो म्हटलं. अक्कासाठी करण्यासारखं दुसरं माझ्या हातात काय होतं?

आठ दुपारी मी टेकाडावर मिस्त्रींच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्टुलावर बसले. आठवा महिना लागला होता. मिस्त्री मान डावीकडे, हनुवटी वर, एवढंच बोलायचे. शेजारी चर्चच्या भिंतीवर गवंडी गाणी म्हणत चुना कालवायचे. खरं सांगते, मला मजा वाटत होती. काळ्या दगडातून माझं नाक निघालं, ओठ निघाले. एका बाबतीत मात्र मी लबाडी केली. अक्काच्या डाव्या भुवईत मधोमध एक खाच होती, तिथे केस येत नसत. लहानपणी उंबऱ्यावर पडले, असं ती सगळ्यांना सांगायची. ती खाच मी मिस्त्रींना सांगितली नाही. मला वाटलं, दगडात तरी तिला खोट कशाला? तिची म्हणून जी एवढीशी खूण होती तीच मी शहाणपणा करून गाळली.

मग करजगीहून आत्या आली, माझ्या बाळंतपणाला हातभार लावायला. आल्या आल्या तिने देवघरासमोर बसून टाक घासायला घेतले. आमच्याकडे देवांचे चांदीच्या पत्र्यावर ठोकलेले टाक असतात आणि त्यांच्याच ओळीत घरातल्या गेलेल्या माणसांचेही. मी तिला कौतुकाने मूर्तीची हकिकत सांगितली. तिचा हात थांबला. जित्या माणसाचा टाक कुणी केलेला पाहिलास का, असं तिने विचारलं. मी हसले. ती हसली नाही.

"पोटुशी असून आपलं तोंड मेलेल्यांच्या ओळीत नेऊन बसवलंस," ती म्हणाली. "डोळे उघडायच्या आत कायतरी करा बाई."

मी तिला उडवून लावलं. आत्याला मांजर आडवं गेलं तरी तीन दिवस पुरायचं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी, माझं मलाच पटवून देण्यासाठी, मी वर गेले. मिस्त्री जेवायला गेले होते. तिन्ही मूर्तींवर ओली गोणपाटं टाकलेली. मी तिसरं गोणपाट वर केलं.

आत मी होते. स्टुलावर बसून बघताना दिसलं नव्हतं ते उभ्यानं दिसलं. माझं कपाळ, माझा गळा, माझी कानाची पाळी. आणि डोळ्यांच्या जागी नुसते दोन गुळगुळीत फुगवटे. गावाकडे तोंड करून ते माझं डोळे नसलेलं तोंड उभं होतं, एका बाजूला मेलेले आजोबा, दुसऱ्या बाजूला मेलेली आया. गोणपाट टाकायचंही सुचलं नाही. पायऱ्या कशा उतरले आठवत नाही, पण मधल्या वळणावर ओटीपोटात कळ आली ती आठवते. घरी येऊन बघते तर अंगावरून थोडं जात होतं.

मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. मूल ठीक आहे म्हणाल्या, पण पडून राहायचं, जिना चढायचा नाही. मी पडून राहिले आणि घाबरत राहिले. दुसरं कामच नव्हतं. बाळ हललं नाही की वाटायचं, गेलं. फार हललं की वाटायचं, जायची तयारी करतंय. अक्का बावीसची होती आणि मी आता बावीसची होते, हे माझ्या आधी कधी ध्यानात कसं आलं नव्हतं? आरशात बघायचं सोडलं. वेणी आत्याकडून घालून घ्यायची. एकदा धीर करून अप्पांना म्हटलं, मूर्तीचं तोंड बदलायला सांगा. अप्पांनी चष्मा काढला. "शिकलेली ना तू?" एवढंच म्हणाले आणि शाळेत निघून गेले. मला त्यांचा असा राग आला! शिकलेल्या बायका काय बाळंतपणात मरत नाहीत?

आईला मी काही सांगितलं नाही. मूर्तीचं नाव काढलं की ती उठून आत जायची. तिला हे कळलं तर ती वेडी होईल, असं मला वाटत होतं.

आठ दिवसांनी आत्या बातमी घेऊन आली की मिस्त्री परवा डोळे उघडणार. माझ्याने राहवेना. दुसऱ्या दिवशी दुपारी अप्पा शाळेत होते, आत्या आडवी झाली होती, आई दळण आणायला जाते म्हणून बाहेर पडली होती. मी स्वयंपाकघरातला वरवंटा उचलला, कापडी पिशवीत घातला आणि निघाले. काळ्या दगडाला काळाच दगड लागेल, एवढा विचार मी केला होता. नाक फोडायचं. नाक गेलं की ते तोंड माझं राहणार नाही.

पायरीशी शेजारची काकू भेटली. पिशवीचा आकार बघून म्हणाली, वरवंट्याला टाकी लावून घ्यायला निघालीस व्हय? मी हो म्हटलं. वर दगडाचं काम करणारे होते, झिजलेला वरवंटा छिन्नीने टोचून खरखरीत करून देणारे, तेव्हा तिला ते साहजिकच वाटलं. मान हलवून ती पुढे म्हणाली, पाटाही न्यायचा होतास, नुसत्या वरवंट्याला टाकी लावून काय व्हतंय. भीतीने माझा जीव चाललेला, आणि ही मला पाट्याचं शिकवत होती.

मी दहा पायऱ्या चढायची आणि बसायची. एका हाताने पिशवी, एका हाताने पोट. प्रत्येक पायरीला वाटायचं, आता कळ येणार. मूल वाचवायला चढत होते आणि चढण्यानंच मूल जाईल ही भीती. परत फिरावं तर उद्या डोळे उघडणार. मधल्या वळणावर थांबले तेव्हा मला दरदरून घाम फुटला होता. बाळाला मी मोठ्याने म्हटलं, थोडं दम धर. मग उरलेल्या पायऱ्या न बसता चढले.

शेडमध्ये आई होती.

चार वर्षांत जी टेकाडाकडे मान वर करून बघत नव्हती ती आई मूर्तीसमोर मातीत बसली होती. गोणपाट बाजूला पडलेलं. शेजारी दळणाचा रिकामा डबा आणि खोबरेल तेलाची वाटी. दगडाच्या केसांना ती तेल लावत होती, दोन्ही हातांनी, मुळापर्यंत जावं म्हणून बोटं फिरवत, आम्हाला रविवारी लावायची तशीच. आणि खाली मान घालून बोलत होती.

"तुझा फोटो काढू दिला न्हाई मी," ती म्हणत होती. "आयुष्य कमी व्हतंय म्हणून."

मी हललेही नाही, पण तिला कळलं. तिने वळून बघितलं. आधी माझं तोंड, मग पोट, मग पिशवी.

"कामून आलीस वर?"

ती उठली, पिशवीत हात घातला आणि वरवंटा बाहेर काढला. तिला काही विचारावं लागलं नाही. आत्याने जे मला सांगितलं ते आईला न सांगता ती थोडीच राहणार होती? आठ दिवस मी आईपासून लपवत होते आणि आठ दिवस आई माझ्यापासून. आई तेल लावून निरोप घ्यायला आली होती की आणखी कशाला, ते मी तिला पुढे कधी विचारलं नाही.

"तुझ्या हातून नको," ती म्हणाली. "तुझ्या पोटात लेकरू हाय. मी फोडते."

आणि तिने वरवंटा दोन्ही हातांनी उचलला. तिचे हात तेलाने बरबटलेले, वरवंटा निसटत होता, तरी तिने तो कपाळाच्या वर नेला. तिच्या थोरल्या लेकीचं जगात असलेलं तेवढं एकच तोंड. धाकटीसाठी ती ते फोडणार होती, आणि तिचा चेहरा त्या वेळी कसा झाला होता ते मला लिहिता येणार नाही. माझी स्वतःच्या मरणाची भीती कुठल्या कुठे गेली आणि दुसरीच भीती आली. मी तिचं मनगट धरलं.

"नको आई. अक्का परत मरंल."

आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो, वरवंटा मध्ये. पलीकडे गवंड्यांचं गाणं चालू होतं. हळूहळू तिचे हात खाली आले. ती मूर्तीच्या जवळ गेली आणि पदराने दगडावरचं तेल टिपायला लागली. कपाळ पुसलं. डाव्या भुवईवर येऊन पदर थांबला.

तिची खाच कुठे आहे, असं तिने विचारलं. मी खालमानेने सांगितलं की मिस्त्रींना मी बोललेच नाही, उंबऱ्यावर पडल्याची खूण, ती कशाला दाखवायची.

आईने त्या गुळगुळीत भुवईवरून अंगठा फिरवला.

"ती उंबऱ्यावर पडली न्हवती," ती म्हणाली. "मी मारलं व्हतं."

मग उभ्याउभ्या तिने सांगितलं. मी तीन वर्षांची होते, अक्का सात. मला सांभाळ असं अक्काला बजावून आई पाणी आणायला गेली. परत येऊन बघते तर मी पेटत्या चुलीच्या तोंडाशी आणि अक्का कोपऱ्यात चित्रं काढतेय. भीतीनं आईचं भान सुटलं. मला ओढून घेतलं आणि चुलीपुढची लोखंडी फुंकणी अक्काच्या अंगावर भिरकावली. रक्त थांबेना. अप्पा आले तेव्हा आई काही बोलायच्या आतच अक्काने सांगून टाकलं, उंबऱ्यावर पडले. सात वर्षांचं पोर ते. पुढे पंधरा वर्षं तिने सगळ्यांना तेच सांगितलं, अगदी मलासुद्धा.

सांगून झालं तशी आईने वरवंट्याचं निमुळतं टोक पुढे धरलं. मी पुन्हा तिचा हात धरायला गेले, तोवर तिने घाव घातला होता. एकच घाव, बेताचा. डाव्या भुवईच्या मधोमध. कपची उडाली आणि माझ्या पायाशी पडली.

आवाज ऐकून मिस्त्री चुन्याच्या हातांनी धावत आले. मूर्ती बघून त्यांनी कपाळाला हात लावला. मग जवळ जाऊन त्यांनी त्या खाचेवर बोट फिरवलं आणि म्हणाले की घासून सारखी करता येईल, कुणाला कळणार नाही. आईने नको म्हटलं. तिच्या भुवईला तसंच होतं, एवढं सांगितलं. मिस्त्रींनी एकदा माझ्या भुवईकडे बघितलं, एकदा दगडाच्या.

"आता उघडा डोळे," आई त्यांना म्हणाली. "आता ती तिची हाय."

उतरताना आईने माझा दंड धरला होता. वरवंट्याच्या टोकाचाही टवका उडाला होता. त्याच वरवंट्याने पुढे कित्येक वर्षं आमच्या घरी चटणी वाटली गेली.

भीती गेली का? छे. इतक्या सहज जाईल तर ती भीती कसली. डोळे उघडले, असं मिस्त्री सांगून गेले तेव्हा मी पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं. आईने जे केलं ते पुरलं की नाही, हे कोण सांगणार? पुढचे तीन आठवडे मी दिवस ढकलले. चर्च पुन्हा उघडायचा दिवस आला. सगळं गाव वर गेलं, अप्पा गेले, आत्यासुद्धा गेली. सकाळी घंटेचा पहिला टोल पडला, चार वर्षांनी पहिल्यांदा, आणि त्याच क्षणी मला कळ आली. महिनाभर आधी. तोंडचं पाणी पळालं माझ्या. मला वाटलं, बोलावणं आलं.

शेजाऱ्याच्या टांग्यातून आईने मला दवाखान्यात नेलं. वर घंटा वाजतच होती. मी आईला म्हणत होते की ती थांबवायला सांग, आणि आई म्हणत होती, वाजू दे, ती त्या तिघांची हाय. पुढचं तुटक आठवतं. पांढरं छत, डॉक्टरीणबाईंचा आवाज, फिनेलचा वास. दुपार झाली तेव्हा केव्हातरी एक लेकरू रडलं आणि ते माझं आहे हे समजायला मला वेळ लागला. मुलगी झाली होती. अशक्त, पण धडधाकट रडणारी.

आईने तिच्याकडे अजून बघितलंही नव्हतं. ती माझ्या उशाशी उभी होती आणि तिचा अंगठा माझ्या डाव्या भुवईवर होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत ती भुवई चाचपत होती, मग परत पहिल्यापासून. मी म्हटलं, आई, मी हाय. तिने मान हलवली. अंगठा मात्र थांबला नाही.